इतिहासाच्या पुस्तकातला राजकीय कल कसा तपासावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोटा इतिहास आणि कललेला इतिहास यांत फरक काय?

खोटे विधान पुराव्याने पाडता येते. १९४० साली सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी व नागरिक ठार केले. कातीनचे जंगल हे त्यांतले एक ठिकाण. १९४४ मध्ये मॉस्कोच्या चौकशी आयोगाने ते जर्मनांच्या माथी मारले. पुढे १९९० मध्ये सोव्हिएत सरकारने कबुली दिली, १९९२ मध्ये मूळ आदेशाचा कागद बाहेर आला आणि वाद मिटला.

कललेला इतिहास असा पडत नाही, कारण त्यातले एकेक वाक्य सुटे घेतले तर खरे असते. कल असतो निवडीत: गोष्ट कुठून सुरू केली, कुणाला नाव दिले आणि कुणाला नुसते ‘जमाव’ म्हटले, कुणाचे मृत्यू मोजले, कशाला दोन पाने दिली आणि कशाला अर्धी ओळ. म्हणून ‘यात एक तरी चूक दाखवा’ असे आव्हान देणारा लेखक बहुधा सुरक्षित असतो. आक्षेप घेणाराही मग नसलेली चूक शोधत बसतो आणि हरतो.

सगळेच इतिहासकार कुठल्या ना कुठल्या बाजूचे असतात. मग तक्रार कशाला?

बाजू असणे आणि पुरावा दडवणे यांत अंतर आहे. मते ठाम असलेला पण विरोधात जाणारा कागद पानावर आणून त्याचा अर्थ लावणारा इतिहासकार उपयोगाचा असतो. मते सौम्य, भाषा गोड, पण अडचणीचा कागद गुपचूप वगळणारा जास्त धोक्याचा. त्यामुळे लेखक कोणत्या पक्षाचा, कोणत्या विद्यापीठातला, कुणाच्या व्यासपीठावर दिसला, ही चौकशी शेवटी करावी. आधी त्याच्या तळटीपा पाहाव्यात. लेखकाचे राजकारण माहीत झाले की वाचक पुढचे पान नीट वाचत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

एखादे प्रकरण हातात घेऊन तपासायचे, तर नेमके काय करायचे?

दहा-बारा पानांच्या प्रकरणाला शांतपणे दोन-तीन तास लागतात. पेन्सिल, कोरी वही आणि त्याच विषयावरचे दुसरे पुस्तक हवे. दुसरे पुस्तक शक्यतो दुसऱ्या देशातले किंवा दुसऱ्या सरकारच्या काळातले, पण त्याच इयत्तेच्या पातळीचे असावे. आठवीचे पुस्तक पदवीच्या ग्रंथाशी ताडले, तर जे जे गळलेले दिसेल ते सगळे राजकारण वाटू लागते. प्रत्यक्षात जागाच नसते.

पहिल्यांदा आवृत्ती आणि मुद्रणाचे वर्ष लिहून ठेवा. हे सोडले तर पुढचे सगळे श्रम वाया जाऊ शकतात, कारण समोरचा ‘ते जुन्या आवृत्तीत होते’ म्हणून मोकळा होतो. पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांतला फरकही पाहा.

मग ओळी मोजा. पाने मोजू नका. चित्रे आणि चौकटी पानाचा हिशेब बिघडवतात. कोणत्या राजवटीला, प्रदेशाला, समूहाला किती ओळी, हे एका स्तंभात. त्या राजवटीची वर्षे दुसऱ्या स्तंभात. दोनशे वर्षांना वीस ओळी आणि तीस वर्षांना शंभर, असे निघाले तर खूण करा. निष्कर्ष लगेच काढू नका, कारण साधने कमी असल्यामुळेही ओळी कमी पडतात.

त्यानंतर क्रियापदे. हिंसेचे प्रत्येक वाक्य वेगळे काढा आणि कर्ता शोधा. ‘सैन्याने गावे जाळली’ यात कर्ता आहे. ‘गावे जाळली गेली’ यात नाही. ‘हिंसाचार उसळला’ यात तर कुणीच काही केलेले नाही. आता दोन ढीग करा: आपल्या बाजूने केलेली हिंसा आणि त्यांच्या बाजूने केलेली. एका ढिगात कर्ते ठळक आणि दुसऱ्यात सगळे ‘गेली’, ‘उसळला’, ‘भडकला’ असेल, तर कल सापडला. या कसोटीइतकी खात्रीची दुसरी क्वचितच मिळेल, कारण लेखकालाही बहुतेक वेळा आपण असे लिहितो आहोत याचे भान नसते.

चौथी पायरी छायाचित्रांखालच्या ओळी. या ओळी मूळ लेखक लिहीलच असे नाही, त्या अनेकदा शेवटी घाईत घातल्या जातात आणि तिथे घोटाळे होतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका शालेय भूगोलाच्या पुस्तकात, गुलामांच्या व्यापारातून आफ्रिकेतून लाखो ‘कामगार’ आले, अशी ओळ नकाशाशेजारी छापली होती. बोभाटा झाल्यावर प्रकाशकाने ती बदलायचे कबूल केले.

सर्वांत शेवटी स्वाध्याय पाहा. धड्यात दोन कारणे दिलेली असतात आणि प्रश्न एकाच कारणावर विचारलेला असतो. विद्यार्थी पाठ काय करणार, ते धडा ठरवत नाही, प्रश्न ठरवतो.

कालखंड पाडणे ही तर सोय आहे. त्यात राजकारण कसले?

सोय असतेच, पण कुणाची? १८१७ मध्ये ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिलने भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे तीन भाग पाडले. पहिल्या दोघांना धर्माचे नाव आणि तिसऱ्याला देशाचे. ‘ख्रिस्ती कालखंड’ मात्र नाही. मिल भारतात कधी आला नव्हता आणि त्याला इथली एकही भाषा येत नव्हती. तरीही ही मांडणी शतकभराहून अधिक टिकली, आणि ब्रिटिश राज्यकर्त्यांना शिव्या घालणाऱ्या लेखकांनीही तीच निमूट वापरली. राज्य करणाऱ्याचा धर्म म्हणजे त्या काळाचा स्वभाव, हे त्या नावांत आधीच गृहीत धरलेले आहे. शेतसारा, दुष्काळ, व्यापारी मार्ग, जातिव्यवस्था यांचे टप्पे या तीन खणांत बसत नाहीत.

सुरुवातीची तारीखही अशीच तपासावी. एखाद्या संघर्षाची हकिगत समोरच्याच्या हल्ल्यापासून सुरू होत असेल, तर आधीची दहा वर्षे दुसऱ्या पुस्तकात वाचा.

एकाच घटनेला वेगवेगळी नावे का असतात? बरोबर नाव कोणते?

१८५७ ला ब्रिटिश लेखक ‘शिपायांचे बंड’ म्हणाले, सावरकरांनी १९०९ मध्ये ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. १९५७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार या दोन भारतीय इतिहासकारांनी त्याच पुराव्यावरून एकमेकांशी न जुळणारे निष्कर्ष काढले. सेन यांचे काम सरकारच्या सांगण्यावरून झाले होते, तरी सरसकट राष्ट्रीय उठावाचा गजर त्यात नाही. १९७१ चे युद्ध बांगलादेशात मुक्तियुद्ध आहे, पाकिस्तानात त्याची आठवण ‘ढाक्याचा पाडाव’ म्हणून निघते. कोरियन युद्धाला उत्तर कोरिया ‘पितृभूमी मुक्तियुद्ध’ म्हणतो, आणि चीनमध्ये ते ‘अमेरिकेचा प्रतिकार, कोरियाला साहाय्य’ या नावाने शिकवतात.

नावात कारण, दोष आणि शेवट असे तिन्ही भरलेले असते. बरोबर नाव ठरवण्याच्या नादी लागण्यापेक्षा आपले नाव का निवडले, हे पुस्तक एका वाक्यात सांगते का आणि इतरांचे नाव निदान एकदा तरी छापते का, एवढे पाहावे.

मृतांच्या आकड्यांत इतकी तफावत कशी पडते? दोघांपैकी एक खोटे बोलत असणार ना?

कधी कधी हो. पण आधी चार गोष्टी विचारा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता भूभाग, कोणत्या कारणाने झालेले मृत्यू, आणि मोजले की अंदाज बांधला.

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा अधिकृत चौकशी आयोगाचा अंदाज सुमारे १५ लाखांचा होता. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज बरेच वर, ३० लाखांच्या घरातही जातात. फरकाचे मोठे कारण असे की, भुकेने खंगलेली माणसे मलेरिया, पटकी, देवी यांनी पुढची दोन-तीन वर्षे मरत राहिली. ती धरायची की नाही? शिवाय गावपातळीवर मृत्यूंची नोंद अपुरी होती, मग ती किती पटीने वाढवायची? या दोन निर्णयांवर आकडा हलतो. कमी आकडा छापणाऱ्याने हे निर्णय सांगितले नसतील, तर शंका घ्यावी. जास्त आकडा छापणाऱ्यालाही तोच नियम.

जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, काँग्रेसच्या चौकशीचा सुमारे हजाराचा. इथे ३७९ हा ‘मृत्यू सिद्ध झालेल्यांचा’ आकडा आहे. माहिती द्यायला पुढे यायचे म्हणजे आपण तिथे होतो, हे पोलिसांपुढे कबूल करणे, आणि लष्करी कायदा लागू असलेल्या शहरात ते जोखमीचे होते. असा आकडा किमान मर्यादा म्हणून वाचायचा असतो.

बांगलादेश १९७१ साठी ३० लाख मृतांचा आकडा सांगतो, तर पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगाने लष्कराच्या अहवालांच्या आधारे सुमारे २६,००० म्हटले. ज्या लष्करावर आरोप, त्याचेच कागद प्रमाण मानले, हे दुसऱ्या आकड्यातले उघड व्यंग. म्हणून पहिला आकडा आपोआप सिद्ध होत नाही. अनेक अभ्यासकांचे अंदाज या दोहोंच्या मधे पडतात. असे लिहिले की दोन्हीकडून शिव्या बसतात, तरी लिहावे.

मूळ साधने वाचली की प्रश्न सुटतो का?

अर्धा. साधन लिहिणाऱ्यालाही धनी होता. मराठेशाहीच्या अभ्यासात समकालीन पत्राला बखरीपेक्षा जास्त वजन देतात ते याचसाठी. पत्र त्या दिवशीच्या कामासाठी लिहिलेले असते, बखर मागाहून, कुणाच्या तरी आज्ञेवरून. सभासदाची बखर राजारामांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली, शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर दीडएक दशकाने. सभासद त्या काळचाच, म्हणून ती मोलाची. पण आठवणीवर बेतलेली, म्हणून तिच्या तारखा आणि क्रम पत्रांशी ताडूनच घ्यायचे. त्यानंतरच्या शंभर वर्षांतल्या बखरींना ही सवलतही नाही. दरबारी फारसी तवारिखा, म्हणजे इतिहासग्रंथ, याच चाळणीतून काढाव्यात: बादशहाची स्तुती करण्यासाठी लेखक त्याने पाडलेली देवळेही वाढवून सांगतो आणि दिलेली इनामेही.

निवडलेल्या साधनांचे संग्रह आणखी सावधपणे वापरावेत. ब्रिटिश अधिकारी एलियटने जमवलेल्या फारसी-अरबी ग्रंथांतल्या उताऱ्यांचे आठ खंड त्याच्या मृत्यूनंतर डाउसनने १८६७ ते १८७७ दरम्यान इंग्रजीत काढले. ब्रिटिश राज्याचे फायदे प्रजेला कळावेत हा हेतू एलियटने १८४९ मध्येच, आधीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, उघड मांडला होता. उतारे बनावट नाहीत. पण कोणते घेतले आणि कोणते सोडले, यावर त्या हेतूची छाप आहे, आणि गंमत अशी की इंग्रजी राज्याचे कट्टर विरोधकही आज तेच उतारे डोळे मिटून उद्धृत करतात.

तारखांमधला फरक हा पक्षपात समजावा का?

सहसा नाही. आधी कालगणना तपासा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ७८ मिळवणारा १६२९ वर जाऊन पडतो. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने ती १ मार्च येते. मराठेशाहीच्या कागदांत येणाऱ्या शुहूर सनाला ५९९ मिळवावे लागतात, जानेवारी ते मे अखेर ६००. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे तिथे ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, कोष्टकच पाहावे लागते. रशियातली ‘ऑक्टोबर’ क्रांती नोव्हेंबरात साजरी होत असे, ती ज्युलियन-ग्रेगोरियनच्या भानगडीमुळे.

शिवजन्माच्या १६२७ आणि १६३० या दोन तारखांचा वाद मात्र गणिताचा नव्हता, साधनांचा होता. १६२७ ला उत्तरकालीन बखरींचा आधार, १६३० ला टिळकांनी प्रसिद्धीला आणलेल्या जेधे शकावलीचा. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये दुसरी तारीख स्वीकारली. पुस्तकात बदल होऊनही त्यामागे पुरावा असू शकतो, त्याचा हा नमुना.

सरकार बदलले की पाठ्यपुस्तक बदलते. मग प्रत्येक बदल राजकीयच का?

भारतात हे चक्र जुने आहे. जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, प्राचीन भारतावरचे एक पुस्तक मागे घेतले गेले. २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर नवी पुस्तके आली, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ ला सरकार बदलले आणि २००५ चा आराखडा आला. २०२२ मध्ये केंद्राच्या पाठ्यपुस्तकांत जाहीर झालेल्या कपातीत अभ्यासाचा भार हे कारण देऊन बारावीच्या इतिहासातले मुघल दरबारावरचे प्रकरण आणि इतरत्र २००२ च्या गुजरात दंगलींचा मजकूर वगळला गेला. पुढच्या वर्षी राज्यशास्त्राच्या पुस्तकांच्या दोन मुख्य सल्लागारांनी आपली नावे काढून टाका असे कळवले. उलट बाजूने, जुनी पुस्तके दिल्लीकेंद्री होती, चोळ, विजयनगर, अहोम यांना त्यांत जागा तोकडी होती, हा आक्षेपही नुसता राजकीय म्हणून उडवून लावता येत नाही. तो ओळी मोजून तपासता येतो, तसा तपासावा.

बदल पुराव्यामुळे झाला की सोयीमुळे, हे ओळखायला चार प्रश्न पुरतात. दिलेले कारण बाकीच्या धड्यांनाही तितकेच लावले का? भार कमी करायचा होता, तर अवघड पण निरुपद्रवी मजकूर किती गेला? बदल सुचवणाऱ्या तज्ज्ञांची नावे आणि कारणे जाहीर आहेत का? आणि वगळलेल्या जागी काय आले? मोकळ्या झालेल्या जागेत नवा स्तुतिपाठ आला, तर भाराचे कारण आपोआप निकालात निघते.

दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की पुस्तक निःपक्ष झाले ना?

नाही. अमेरिकेचे यादवी युद्ध ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ झाले की गुलामगिरीसाठी, अशा दोन बाजू कित्येक दशके शेजारी शेजारी छापल्या गेल्या. मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये संघराज्य सोडताना काढलेले जाहीर निवेदन उघडले, तर त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे बांधलेली आहे असे सुरुवातीलाच सांगितलेले आहे. करणाऱ्यानेच कारण लिहून ठेवले असताना समान जागा देणे हाही कलच.

जे छापलेच नाही, ते कसे शोधायचे?

शब्दसूचीपासून सुरुवात करा. त्याच विषयाच्या दोन पुस्तकांच्या सूची समोरासमोर ठेवल्या की एकात नसलेली नावे पंधरा मिनिटांत दिसतात. सूची नसेल, तर उपशीर्षके उतरवून घ्या. आवृत्त्यांची तुलना त्याहून बोलकी. स्टालिनसोबत कालव्याकाठी उभा असलेला गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव मर्जीतून उतरल्यावर छायाचित्रातून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी पाणी रंगवले गेले. त्याच्यानंतरचा गुप्त पोलिसप्रमुख बेरिया याच्या पतनानंतर सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांकडे त्याच्यावरची पाने कापून त्या जागी चिकटवण्यासाठी बेरिंग समुद्र वगैरे नोंदींची पाने धाडली गेली. १९८८ मध्ये तर त्या देशाने शाळांच्या इतिहासाच्या अंतिम परीक्षाच रद्द केल्या, कारण पुस्तकात जे होते ते बरोबर आहे असे म्हणण्याची कुणाची तयारी उरली नव्हती.

विश्वकोशाची नोंद ऑनलाइन असेल, तर तीच नोंद दोन-तीन भाषांत उघडा आणि पहिला परिच्छेद ताडा. जुने बदल पाहण्याची सोय असेल, तर तीही वापरा.

मोबाइलवर फिरणाऱ्या ऐतिहासिक अवतरणाची शहानिशा कशी करावी?

वक्ता त्या दिवशी त्या गावी होता का, एवढे आधी पाहा. भारतभर फिरलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, यांचा कणा मोडायला हवा, असे मेकॉले २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत बोलला, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. त्या तारखेला मेकॉले भारतात होता, संसदेत असणे शक्यच नव्हते. त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण खरे आहे, पण त्यात हा मजकूर नाही. टिपणात भारतीय विद्येबद्दल जी तुच्छता आहे, ती मूळ शब्दांत पुरेशी आहे. बनावट जोडायची गरज नव्हती.

आक्षेप घेणारेही घसरतात. १९८२ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने पाठ्यपुस्तकातल्या ‘आक्रमण’ शब्दाच्या जागी ‘आगेकूच’ घालायला लावले, अशा बातमीवरून चीन आणि कोरियाशी मोठा तंटा झाला. ज्या बदलाची बातमी होती, तो त्या वर्षीच्या तपासणीत झालाच नव्हता, असे नंतर निघाले. अशी भाषा मवाळ करण्याचा दबाव पूर्वीपासून होता हे खरेच, पण एका चुकीच्या बातमीने विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले.

न्यायालय किंवा कायदा हा प्रश्न सोडवू शकतो का?

मर्यादित. जपानी इतिहासकार इएनागा साबुरो यांनी पाठ्यपुस्तक तपासणीविरुद्ध १९६५ मध्ये पहिला दावा लावला. तिसऱ्या दाव्याचा निकाल १९९७ मध्ये लागला. सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची पद्धत घटनात्मक ठरवली, पण मंचुरियात माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी लष्कराच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा मजकूर काढायला लावणे बेकायदा ठरवले. फ्रान्सने २००५ मध्ये उलटा प्रयोग केला: परदेशातल्या, विशेषतः उत्तर आफ्रिकेतल्या, फ्रेंच वास्तव्याची सकारात्मक भूमिका शिकवावी असे कलमच कायद्यात घातले. इतिहासकार खवळले आणि २००६ मध्ये ते रद्द झाले.

दोन शत्रुदेश मिळून एक पुस्तक लिहू शकतात का?

फ्रान्स आणि जर्मनीने लिहिले. पहिला खंड २००६ मध्ये आला, मजकूर दोन्ही भाषांत तोच. पण त्याआधी कित्येक दशके दोन्हीकडचे शिक्षक आणि इतिहासकार एकमेकांची पुस्तके तपासत होते, आणि सीमेचा वाद संपलेला होता. वाद चालू असताना असे पुस्तक निघाले, तरी ते शाळेत लागत नाही.

वर्गात चाळीस मिनिटांत हे कसे शिकवावे?

एकाच घटनेवरचे दीडशे-दीडशे शब्दांचे दोन उतारे घ्या, लेखकांची नावे झाका. पहिली दहा मिनिटे नुसते वाचन. पुढची पंधरा: दोन्हींत समान असलेली विधाने हिरव्या रंगाने आणि एकातच असलेली लाल रंगाने अधोरेखित करणे. मग विशेषणे खोडून पुन्हा वाचणे. शेवटी नावे उघड करा. नावे आधी सांगितली की मुले उतारा न वाचताच बाजू घेतात. घटना शंभरएक वर्षांपूर्वीची आणि दूरची निवडावी; ताज्या घटनेवर पहिलाच तास घेतला, तर तास भांडणात जातो.

पुस्तकातला कल आढळला. मंडळाकडे आक्षेप कसा नोंदवावा?

एका पत्रात एकच मुद्दा. पुस्तकाचे नाव, इयत्ता, आवृत्ती व मुद्रण वर्ष, पृष्ठ, ओळ. मग छापलेले वाक्य जसेच्या तसे. त्याखाली आक्षेप दोन वाक्यांत: चूक आहे, अपुरे आहे, की शब्दयोजना एकतर्फी आहे, यांपैकी नेमके काय ते. पुरावा म्हणून मूळ साधनाचे पान जोडा, दुसऱ्याने त्यावर लिहिलेला लेख नको. आणि सर्वांत महत्त्वाचे, तेवढ्याच लांबीचे पर्यायी वाक्य स्वतः लिहून द्या. पानावर जागा नाही, हे पुस्तक मंडळाचे हातातले कारण असते आणि तेवढ्याच शब्दांचा पर्याय दिला की ते चालत नाही. ‘भावना दुखावल्या’ हा शब्दप्रयोग टाळा. त्याने पत्र पुराव्याच्या फाइलीतून निघून निवेदनांच्या गठ्ठ्यात जाते. पोच घ्या, आणि पुढच्या वर्षीची आवृत्ती आली की तेच पृष्ठ उघडून पाहा.